साइक्स: एका ओहोळाचं आडनाव

सासवड मागे टाकून जेजुरीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना खडकाळ माळ लागतात. कुसळी गवत, मधूनच एखादी बोर, बाकी दगडच दगड. हिवाळ्यात सकाळी तिथे थांबलं तर पायाजवळून एक तांबूस, डोक्यावर टोकदार तुरा असलेला पक्षी भुर्रकन उठतो, वर जाऊन गातो आणि पुन्हा दगडांत दिसेनासा होतो. नेहमीच्या तुरेवाल्या चंडोलापेक्षा हा चणीने लहान, छातीवरच्या रेघाही कमी. याला साइक्सचा चंडोल म्हणतात. माझ्या वह्यांमध्ये हे नाव वीसेक वर्षं लिहिलेलं आहे. साइक्स म्हणजे कुणी इंग्रज साहेब, एवढ्या माहितीवर माझं भागत होतं.

मग एकदा सहज शब्दाचा अर्थ पाहिला. उत्तर इंग्लंडच्या बोलीत साइक म्हणजे ओहोळ. पाणथळ जमिनीतून वाट काढणारी, उन्हाळ्यात बहुधा आटून जाणारी बारीक धार. म्हणजे पावसाळा सोडला तर जिथे पाण्याचं नाव नाही, अशा माळावरच्या पाखराला आपण ओहोळाचा चंडोल म्हणतोय. गंमत वाटली आणि त्या गमतीपायी मी या आडनावाच्या मागे लागलो. तेव्हा कळलं, की हे आडनाव म्हणजे आनुवंशशास्त्रातलं एक गाजलेलं प्रकरण आहे. २००० साली ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने त्याचा निकाल लावला आणि नऊ वर्षांनी तो निकाल डळमळला. दोन्ही वेळा आकडे खरेच होते. फरक पडला तो त्यांच्यावरून काय म्हणायचं यात.

शब्द काय सांगतो

जुन्या इंग्रजीत या ओहोळाला ‘सीच’ म्हणत आणि स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेत ‘सीक’. दोन्ही शब्द एकाच घरचे. दक्षिणेकडे आणि मध्य इंग्लंडात शेवटचा वर्ण मऊ होऊन ‘च’ झाला, म्हणून तिकडे सिच अशी आडनावं सापडतात. उत्तरेत डेन आणि नॉर्वेजियन लोकांची वस्ती होती, तिथे ‘क’ कडकच राहिला. देवळाला दक्षिणेत चर्च आणि उत्तरेत कर्क म्हणतात, तोच हा प्रकार. त्यामुळे नुसत्या उच्चारावरूनही साइक्स हा उत्तरेकडचा माणूस हे ओळखता येतं.

शेवटच्या ‘स’बद्दल कोशकारांचा फार वाद नाही. अनेक ओहोळ असा अर्थ घ्या, ओहोळाकडचा अशी षष्ठी माना, नाहीतर एका उच्चारात संपणाऱ्या आडनावाला शेपूट लावायची इंग्रजांची सवय म्हणा. ब्रुक्स, बँक्स, मिल्स या सगळ्यांच्या मागे ती लागलेलीच आहे.

हा ओहोळ किरकोळ असला तरी कागदपत्रांत त्याला मान होता, कारण तो हद्द दाखवायचा. अमक्याची जमीन साइकपर्यंत, त्यापलीकडे तमक्याची. आपल्याकडे सात-बाराच्या भांडणात बांध जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा तिकडच्या जमिनीच्या नोंदींत साइक येतो. आणि ज्याचं घर त्या हद्दीवर, त्याची ओळखही तीच. उत्तरेतल्या यॉर्कशर परगण्यात वेकफील्डच्या जहागिरीच्या न्यायालयाचे दफ्तर १२७४ पासून १९२५ पर्यंत जवळपास सलग टिकून आहे. कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली, कुणी दंड बुडवला, कुणी जमीन वारसाकडे दिली, असला सगळा मजकूर. वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागाच्या, अशा जुन्या दफ्तरांत ‘देल साइक’, ‘अ‍ॅट साइक’ या घडणीची नावं भेटतात. म्हणजे ओहोळाकडचा जॉन, ओहोळाजवळचा विल्यम. लिहिणारा कारकून लॅटिन आणि फ्रेंचमध्ये वाढलेला, म्हणून ते ‘देल’.

हे अजून आडनाव झालेलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. ओहोळाजवळचा जॉन डोंगरावर राहायला गेला तर उद्या तो डोंगरावरचा जॉन होऊ शकत होता. १०६६ नंतर आलेल्या नॉर्मन सरदारांनी वंशपरंपरागत नावाची चाल आणली. ती वरून खाली झिरपत गेली आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांत बापाचं नाव मुलाला चिकटू लागलं. उत्तरेत हे जरा उशिरा झालं. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्ट्यांनी त्याला हातभार लावला असावा. कर घेणाऱ्याला प्रत्येक गावातले पाच जॉन वेगळे ओळखायचे असतात.

आता आडनावकोशाचा तर्क बघा. साइक हा सामान्य शब्द. पेनाइन्स या उत्तर इंग्लंडच्या डोंगररांगेच्या उतारांवर दर खोऱ्यात असे दहा ओहोळ. लँकेशरमध्ये बोलंडच्या जंगलपट्ट्यात साइक्स नावाची वाडीच आहे, डॉनकॅस्टरजवळ साइकहाउस नावाचं गाव आहे. स्लेडमिअरचं सरदारी साइक्स घराणं तर आपलं मूळ पार कार्लाइलजवळच्या साइक्स डाइक या जागेत सांगतं. याच घराण्यातल्या मार्क साइक्सने १९१६ साली फ्रेंच मुत्सद्दी पिको याच्याबरोबर बसून मध्यपूर्वेच्या नकाशावर रेघ ओढली. इतके ओहोळ, म्हणजे इतक्या वेगवेगळ्या माणसांना हे नाव स्वतंत्रपणे पडलं असणार. मूळ पुरुष अनेक. यावर कुणाला शंका घ्यायचं कारण नव्हतं. ओहोळ हे आडनाव आपल्याकडेही आहे आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या ओहोळांचा पूर्वज एकच होता असं कुणी म्हटलं, तर आपणही हसूच.

गालातला ब्रश

ब्रायन साइक्स हा ऑक्सफर्डमध्ये मानवी आनुवंशशास्त्राचा प्राध्यापक. जन्म १९४७, मृत्यू २०२०. जुन्या हाडांतून डीएनए काढता येतो हे १९८९ साली ज्यांनी दाखवून दिलं, त्यांच्यातला एक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याला एका बड्या औषध कंपनीच्या बैठकीत व्याख्यानाला बोलावलं. कंपनी ग्लॅक्सो वेलकम आणि तिचे अध्यक्ष सर रिचर्ड साइक्स, मूळचे यॉर्कशरचे. दोन साइक्स एका व्यासपीठावर आले की लोक विचारणार तेच त्यांनी विचारलं: तुम्ही एकमेकांचे कोण?

दोघांनाही काही नातं माहीत नव्हतं. पण एकाच्या हाताशी प्रयोगशाळा होती. बापाकडून मुलाकडे आडनाव जातं तसंच वाय गुणसूत्रही जातं, आणि जवळपास जसंच्या तसं जातं. मुलीकडे ते जातच नाही. गालाच्या आतून ब्रश फिरवून रिचर्ड साइक्स यांच्या पेशी घेतल्या, प्राध्यापकाने स्वतःच्याही घेतल्या. दोघांचं वाय गुणसूत्र जुळलं.

इथे दुसरा कुणी असता तर जेवणाच्या टेबलावर सांगायला एक किस्सा मिळाला म्हणून थांबला असता. या माणसाने यॉर्कशर, लँकेशर आणि चेशरमधले साइक्स यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांना टपालाने ब्रश पाठवले. ४८ जणांचे नमुने तपासता आले. प्रत्येकाच्या वाय गुणसूत्रावर चार ठिकाणं पाहिली. या ठिकाणी डीएनएचा एक छोटा तुकडा लागोपाठ काही वेळा येतो. कुणात १२ वेळा, कुणात १४ वेळा. चार ठिकाणचे चार आकडे म्हणजे त्या माणसाच्या बापाकडच्या वंशाचा दाखला. तुलनेसाठी त्याच भागातले, पण साइक्स नसलेले पुरुषही घेतले.

कोशाचा तर्क बरोबर असता तर साइक्स मंडळींचे दाखलेही शेजाऱ्यांसारखेच विखुरलेले दिसले असते. तसं झालं नाही. ४८ पैकी २१ जणांचे चारही आकडे तंतोतंत सारखे निघाले, आणि तो विशिष्ट दाखला ना शेजाऱ्यांत सापडला, ना देशभरातून घेतलेल्या तुलनेच्या नमुन्यांत. उरलेल्या २७ जणांचे दाखले मात्र शेजाऱ्यांसारखेच, अठरापगड.

२००० साली अमेरिकेतल्या मानवी आनुवंशशास्त्राच्या मानाच्या नियतकालिकात हा लेख आला. सहलेखक कॅथरीन अर्व्हन. निष्कर्ष असा: आज हयात असलेल्या साइक्स पुरुषांचा मूळ पुरुष एकच. लेखी साधनांवरून बांधलेला अनेक उगमांचा अंदाज चुकीचा. मग ते २७ जण कोण? ७०० वर्षांत आडनाव साइक्सचं राहिलं पण वाय गुणसूत्र बाहेरून आलं, असे प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले, त्याचा हा परिणाम. त्याचा सरासरी दर त्यांनी पिढीमागे १.३ टक्के काढला.

वर्तमानपत्रांना हेच हवं होतं. सातशे वर्षं यॉर्कशरच्या साइक्सांच्या बायका किती पतिव्रता राहिल्या, यावर रकाने भरले. मला ही बातमी तेव्हाही खटकली असती आणि आताही खटकते. बाप एकाचा आणि आडनाव दुसऱ्याचं, याला कारणं कितीतरी असतात. कुमारी मातेच्या मुलाला आईचं आडनाव लागतं. विधवेने दुसरं लग्न केलं की लहान मूल सावत्र बापाच्या नावावर वाढतं. मामाची इस्टेट मिळावी म्हणून भाचा त्याचं आडनाव घेतो, इंग्लंडात त्यासाठी राजाची रीतसर परवानगी मिळायची. आणि दत्तक. आपल्याकडे कोणताही कुलवृत्तांत उघडा, वंशवेलीत कंसात ‘द.’ लिहिलेली नावं जागोजाग असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. प्रयोगशाळेतून पाहिलं तर यातली प्रत्येक गोष्ट सारखीच दिसते: आडनाव तेच, गुणसूत्र वेगळं. त्यातून बायकांच्या चारित्र्याचा ताळेबंद मांडणं हा उद्योग त्या आकड्यांना पेलणारा नाही.

हडर्सफील्डच्या आसपास

नाव कुठे दाट आहे ते पाहिलं तर एका मूळ पुरुषाची गोष्ट पटतेही. साइक्स आजही सगळ्यात जास्त आढळतात ते वेस्ट यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्ड आणि कोन नदीच्या खोऱ्यात. तिथलं एक गाव लिहिताना स्लेथवेट आणि बोलताना स्लॉइट. बाहेरच्या माणसाने कागदावर दिसतं तसं म्हटलं की तो बाहेरचा हे लगेच कळतं.

या खोऱ्यांची जमीन हलकी, थंडी फार, पाऊस भरपूर. नुसत्या शेतीवर घर चालत नसे. म्हणून घरोघरी लोकरीचे माग आले. तुकडाभर जमीन, दोन-चार गुरं आणि वरच्या मजल्यावर लांबलचक खिडक्यांच्या उजेडात माग, अशी दुहेरी कमाई. अशा घरातल्या धाकट्या मुलाला पोटासाठी लांब जावं लागत नाही, तो त्याच खोऱ्यात दुसरा माग टाकतो. पुढे गिरण्या आल्या आणि माणसं आणखी साचली. शेजारच्या कॅल्डर खोऱ्यात ग्रीनवुड आणि सटक्लिफ ही आडनावं अशीच एकेका जागेवरून फोफावली असं मानलं जातं. यॉर्कशरच्या आडनावांचा जन्मभर अभ्यास केलेले जॉर्ज रेडमंड्स यांचा आग्रहच असा होता, की कोशातल्या अर्थावर विसंबू नका, त्या त्या खोऱ्यातल्या घराण्यांची एकेक पिढी दफ्तरात शोधा. एखादं आडनाव दिसायला सर्वसामान्य असलं तरी प्रत्यक्षात एका घराचं असू शकतं.

इथवर सगळं जुळून येतं. शब्द उत्तरेचा, वस्ती एका खोऱ्यात दाट, गुणसूत्र एक. प्रकरण मिटलं असं वाटावं.

गाल्टनचा हिशेब

पण आडनावांच्या बाबतीत इंग्रजांनी एक हिशेब आधीच करून ठेवला होता आणि तो या निकालाच्या आड येतो.

१८७३ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने शिक्षकांच्या एका नियतकालिकात कोडं घातलं. त्याचं म्हणणं, मोठमोठ्या माणसांची घराणी आणि त्यांची आडनावं नाहीशी होताना दिसतात. यात त्या घराण्यांचा काही दोष आहे, की हा नुसता योगायोगाचा खेळ? उत्तर दिलं हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञाने आणि १८७४ साली दोघांनी मिळून ते छापलं. वॉटसनच्या उत्तरात एक चूक होती. त्याच्या मते अखेरीस प्रत्येक आडनाव बुडणारच, मग लोकसंख्या वाढती का असेना. ते बरोबर नाही. पण पद्धत पक्की होती.

ती पद्धत आपण साइक्सांवर लावून पाहू. समजा दर पुरुषामागे सरासरी एक मुलगा मोठा होतो. सरासरी एक म्हणजे कुणाला तीन, कुणाला एक, कुणाला एकही नाही. अशा १०० मूळ पुरुषांपासून सुरुवात केली तर पहिल्याच पिढीत सुमारे ३७ जणांचा वंश खुंटतो, कारण त्यांना मुलगाच नसतो. दुसऱ्या पिढीअखेर बुडालेले ५३ होतात, तिसऱ्या पिढीअखेर ६३. मग वेग मंदावतो, कारण जे टिकले त्यांच्या शाखा वाढलेल्या असतात. ७०० वर्षं म्हणजे तीस वर्षांची एक याप्रमाणे २३ पिढ्या. त्या संपताना १०० पैकी साधारण आठ वंश उरतात. या सगळ्यात कुणी पराक्रम केलेला नाही की कुणी पाप केलेलं नाही. फक्त मुलगे झाले किंवा झाले नाहीत.

आता १०० ऐवजी दहा घ्या. दहा वेगवेगळ्या ओहोळांकाठचे दहा जॉन, एकमेकांचे कुणीही नाहीत, सगळ्यांना कारकुनाने ‘देल साइक’ लिहिलं. २३ पिढ्यांनी यांच्यातले किती वंश उरतील? सरासरी एकही पुरता नाही. आणि निदान एक तरी उरला असं धरलं, कारण साइक्स आज आहेतच, तर नेमका एकच उरलेला असण्याची शक्यता तीनात दोन इतकी येते.

मी हा हिशेब वहीत दोनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. सुरुवातीला दहा मूळ पुरुष असूनही आज गालात ब्रश फिरवणाऱ्याला बहुतेक वेळा एकच सापडणार. म्हणजे आज एक वंश दिसतो, यावरून तेव्हा एकच माणूस होता हे सिद्ध होत नाही. कोश खोटा ठरत नाही.

हिशेबाला मर्यादा आहेत. इंग्लंडची लोकसंख्या सातशे वर्षं एकाच पातळीवर नव्हती. १३४८-४९ च्या प्लेगने तीनात एक ते निम्मी माणसं नेली आणि पुढच्या लाटांनी तूट भरू दिली नाही. उलट अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संख्या भराभर वाढली, तेव्हा टिकलेल्या वंशांना बुडायची भीती उरली नाही. पण वाढ झाली ती शेवटच्या टप्प्यात, आणि घाऊक बुडीत होते ती पहिल्या तीन-चार पिढ्यांत. नेमक्या त्याच पिढ्यांवर प्लेग येऊन आदळला. आडनाव नुकतं चिकटलेलं, माणसं मूठभर, आणि वरून ही साथ. दहापैकी आठ-नऊ साइक्स तिथेच संपले असतील, तर तपासणीत त्यांचा मागमूसही कसा लागणार?

त्या २७ जणांकडेही मग वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. मूळ लेखाने त्यांना बाहेरून आलेले धरलं. त्यांच्यातले काही खरोखरच दुसऱ्या-तिसऱ्या ओहोळाकाठच्या जॉनचे वंशज असले, तर त्यांचं गुणसूत्र अस्सल साइक्सचंच आहे, फक्त बहुसंख्येचं नाही. दाखल्यावरून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत, कारण दोन्हींत ते शेजाऱ्यांसारखेच दिसणार.

लेस्टरहून आलेली दुरुस्ती

हे मुद्दे प्रत्यक्ष मोजून मांडले ते लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी. किंग हे नाव पुढे जगभर झालं ते २०१२ साली कार पार्कखाली सापडलेल्या सांगाड्यामुळे. तो तिसऱ्या रिचर्ड राजाचा आहे हे डीएनएने ठरवणाऱ्या चमूची ती प्रमुख होती. गंमत म्हणजे तिथेही आईच्या बाजूचा दाखला जुळला आणि वाय गुणसूत्र जुळलं नाही. राजघराण्याच्या वंशवेलीतही कुठेतरी धागा तुटलेला होता.

त्याआधी, २००६ साली, या मंडळींनी एकाच आडनावाच्या पुरुषांच्या १५० जोड्या घेतल्या. दर आडनावाचे दोघे, एकमेकांना न ओळखणारे. सुमारे २४ टक्के जोड्यांत अलीकडचा समान पूर्वज असल्याची खूण मिळाली. आडनाव जितकं दुर्मीळ तितकी ही शक्यता जास्त. त्या लेखात पोलिसांच्या कामाचाही एक अंदाज होता. गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या वाय गुणसूत्रावरून संशयिताचं संभाव्य आडनाव सुचवता आलं, तर ब्रिटनमध्ये वर्षाला ७० च्या आसपास खून-बलात्कारांच्या तपासाला मदत होऊ शकेल. हे वाचून मला कौतुकापेक्षा धास्तीच वाटली. ज्या २७ साइक्सांचं गुणसूत्र बहुमताशी जुळत नाही, तशांच्या बाबतीत हा अंदाज भलत्याच घराचं दार ठोठावणार.

२००९ साली मोठं काम आलं: ४० आडनावं, १,६७८ पुरुष. एका आडनावातले किती जण एकाच वंशगटात बसतात, याची सरासरी ६२ टक्के आली. पण टोकं बघण्यासारखी आहेत. वरच्या टोकाला अ‍ॅटनबरो, ८७ टक्के. खालच्या टोकाला स्मिथ, शून्य. १८५३ च्या सरकारी मोजणीत इंग्लंड आणि वेल्समध्ये अडीच लाखांवर स्मिथ होते आणि अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २४ लाख ४२ हजार ९७७. गावोगाव लोहार होते, तितके मूळ पुरुष. आपल्याकडे पाटील म्हटल्यावर जसं कुणी रक्ताचं नातं शोधायला जात नाही, तसंच.

स्मिथ अनेकांचे आणि अ‍ॅटनबरो एकाचे, इतकं तर न मोजताही सांगता आलं असतं. लेखातला खरा बोचरा भाग पुढे आहे. त्यांना असं दिसलं, की आडनाव व्यवसायावरून पडलं, जागेवरून पडलं की टोपणनावावरून, याने आतल्या विविधतेत फारसा फरक पडत नाही. शिवाय कितीतरी वंशगटांचं वय आडनावाच्या वयापेक्षा बरंच कमी निघालं. म्हणजे त्या गटाचा समान पूर्वज हा ७०० वर्षांपूर्वीचा पहिला मूळ पुरुष नसून मधल्याच शतकातला, भरपूर नातू-पणतू झालेला कुणी गृहस्थ होता. त्यावरून त्यांनी सरळ लिहिलं, की आजच्या चित्रावरून आडनावाच्या पहिल्या धन्यांबद्दल भरवशाचं असं फारसं काही सांगता येत नाही.

२००० चा लेख वाईट होता असं मी म्हणणार नाही. चार ठिकाणांवर भागवलं होतं, तेव्हा तेवढंच परवडत होतं. नंतरच्या तपासण्या सतरा आणि पुढे त्याहून कितीतरी जास्त ठिकाणं पाहू लागल्या. २१ जण एका वंशाचे, हे त्याचं निरीक्षण आजही उभं आहे. चूक झाली ती ‘आज एक’ वरून ‘तेव्हाही एक’ या उडीत. त्या उडीचा मोह मला कळतो. दोन साइक्स व्यासपीठावर भेटतात आणि सातशे वर्षांपूर्वीच्या एका ओहोळाकाठी त्यांचा खापर-खापर पणजोबा उभा दिसतो. गोष्ट म्हणून याहून सुंदर काय असणार!

यॉर्कशरमधलंच आणखी एक आडनाव या मंडळींच्या हाती लागलं, तेही इथे सांगण्यासारखं आहे. पूर्व यॉर्कशरमधलं, अगदी थोड्या लोकांचं. त्यातल्या तपासलेल्या १८ पुरुषांपैकी सात जणांचं वाय गुणसूत्र निघालं थेट पश्चिम आफ्रिकेकडचं, अतिशय जुन्या शाखेचं. दिसायला सगळे गोरे, त्यांच्या घरात आफ्रिकेची कुणाला कुणकुणही नव्हती. २००७ साली ते छापलं तेव्हा लेखात आडनाव झाकून फक्त एक अक्षर दिलं होतं. या शहाणपणाचं मला विशेष वाटतं.

परमुलखात

साइक्स यॉर्कशरबाहेर पडला तेव्हा अर्थ मागेच राहिला. अमेरिकेत या नावाची कृष्णवर्णीय कुटुंबं बरीच आहेत. विनोदी अभिनेत्री वांडा साइक्स हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, जन्म १९६४, व्हर्जिनिया. तिकडे गुलामगिरीच्या काळात मालकाचं आडनाव गुलामांकडे गेलं, किंवा मुक्त झाल्यावर त्यांनी एखादं नाव स्वतः निवडलं. तिथे वाय गुणसूत्र आणि आडनाव यांची सांगड घालायला गेलं तर वंशापेक्षा कुणाची मालकी कुणावर होती याचाच नकाशा हाती यायचा.

आणि एक साइक्स आपल्याकडे आला. विल्यम हेन्री साइक्स, जन्म १७९०, घराणं यॉर्कशरचंच, ब्रॅडफर्डकडचं. पोरवयात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला, लढाया केल्या, मराठी शिकला. १८२४ साली, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, त्याला दख्खनच्या पाहणीवर नेमलं. जमिनीचे हक्क, पिकं, माणसं, हवामान, मासे, पाखरं, जे दिसेल ते मोजायचं आणि लिहायचं. १८३१ पर्यंत तो हेच करत हिंडला. परत गेल्यावर लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाच्या संस्थापकांत त्याचं नाव आहे, पुढे कंपनीचा अध्यक्ष, अ‍ॅबर्डीनचा खासदार, १८७२ साली मृत्यू.

माणूस मोजदादीतला होता, तरी नावं ठेवताना इथल्या लोकांकडे त्याचं लक्ष असे. घाटावरच्या रानकुत्र्याची नोंद करताना मराठे याला कोळसून म्हणतात हेही त्याने लिहून ठेवलं. शास्त्रीय नावात त्याने दख्खन घातला. एका रातव्याला मराठ्यांच्या मुलखाचं नाव दिलं, तो अजूनही कॅप्रिमल्गस माहरॅटेन्सिस आहे. झुडपांत लपणाऱ्या एका भुऱ्या वटवट्याला ‘रामा’ म्हटलं. आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला छापली, तेव्हा आमच्या माळावरच्या या तांबूस चंडोलाला त्याने लिहिलं ‘अलाउडा देवा’. साइक्स हे नाव त्या पाखराला त्याने दिलेलं नाही. ते मागाहून दुसऱ्यांनी लावलं.